रिपोर्ट सगळे नॉर्मल, पण पाय कोणी पाहिला?

महाळुंगे म्हटलं की पुण्यातल्या लोकांना बालेवाडीजवळचं आठवतं. मी चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या महाळुंगे इंगळेबद्दल बोलते आहे. इथे कंपन्या तीन पाळ्यांत चालतात आणि रात्री दोनलाही बसमधून माणसं उतरतात. बीड, जालना, नांदेड, बिहार, यूपी, कुठून कुठून आलेली पोरं दहा बाय दहाच्या खोलीत चार-चार राहतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे वाचता न येणारं कुठलंही कागदपत्र गल्लीतून फिरत फिरत माझ्याकडे येतं. पूर्वी त्यात रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले असायचे. गेल्या काही वर्षांत सगळ्यांत जास्त फायली हॉस्पिटलच्या येतात.

गेल्या महिन्यात अशीच एक फाइल घेऊन शेजारच्या खाला आल्या. त्यांचा मुलगा कंत्राटी कामगार आहे. रात्रपाळी संपवून बसमधून उतरताना त्याचा पाय मुरगळला आणि खाली बसता बसता डोकं बसच्या दाराला लागलं. तो बेशुद्ध पडला नाही, उलटी झाली नाही, साधं टेंगूळही आलं नाही. सोबतच्या पोरांनी त्याला एका खाजगी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. पहाटे तो घरी आला तेव्हा पायाला क्रेप बँडेज होतं आणि हातात जाड फाइल. खालांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "टीचर, रिपोर्टां सब नॉर्मल हैं बोले. फिर पाँव कायकू सुजरा?"

मी फाइल उघडली. रक्ताची सीबीसी, शुगर, किडनी, लिव्हर, कावीळ ब, एचआयव्ही, ईसीजी, छातीचा एक्स-रे, घोट्याचा एक्स-रे, डोक्याचा सीटी स्कॅन. बिल 8,740 रुपये. कंत्राटदाराकडून उचल घेऊन ते भरलेलं. मुलाला मी विचारलं, डॉक्टरांनी घोटा दाबून पाहिला का? नाही. दोन पावलं टाकून दाखव म्हणाले का? नाही. मग आधी काय झालं? "आधी सिस्टरने रक्त घेतलं, मग व्हीलचेअरवरून मशीनकडे नेलं. डॉक्टर शेवटी आले. रिपोर्ट बघून म्हणाले, सब ठीक है."

हा लेख त्या एका रात्रीवर नाही. हॉस्पिटलचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नाव दिलं की तुम्ही म्हणाल, ते हॉस्पिटलच तसलं. माझं भांडण त्या क्रमाशी आहे. आधी तपासण्या, मग डॉक्टर, असा हा उलटा क्रम आता इतका रुळला आहे की आम्हाला तो उलटा वाटतच नाही. मी वर्गात पाय ठेवण्याआधी शिपायाकडून सगळ्या विषयांच्या प्रश्नपत्रिका वाटल्या आणि नंतर येऊन फक्त गुण वाचले, तर पालक मला शिक्षिका म्हणतील का? माझं म्हणणं एवढंच आहे: इमर्जन्सीतल्या प्रत्येक तपासणीमागे डॉक्टरला पेशंटच्या भाषेत एका वाक्यात सांगता येईल असं कारण असलं पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर ती तपासणी होता कामा नये.

"टीचर, तुम्ही डॉक्टर नाही," असं कोणी तरी म्हणेलच. नाही मी डॉक्टर. म्हणूनच माझे नियम सांगत नाही, डॉक्टरांचेच सांगते.

कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मुरगळलेल्या पायासाठी एक साधी पद्धत मांडली. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं बाहेर येतात, त्यांची मागची कड आणि टोक दाबून पाहायचं. मग पेशंटला चार पावलं टाकता येतात का ते पाहायचं. हाड दाबल्यावर दुखत नसेल आणि माणूस लंगडत का होईना चार पावलं टाकत असेल, तर घोट्याच्या एक्स-रेची गरज नाही. पावलाच्या मधल्या भागासाठी अशाच आणखी दोन जागा दाबून पाहतात. ही पद्धत वापरून पाहिली तेव्हा मोडलेलं हाड जवळपास कधीच नजरेतून सुटलं नाही, आणि एक्स-रे मात्र पाव ते एक-तृतीयांश इतके कमी झाले. याला खर्च किती? दोन बोटं आणि दोन मिनिटं.

त्याच डॉक्टरांच्या गटाने 2001 मध्ये डोक्याच्या किरकोळ माराबद्दल नियम दिले. मार लागल्यावर माणूस बेशुद्ध झाला, गोंधळला किंवा काय घडलं ते विसरला, तर पुढचे प्रश्न विचारायचे: दोन तासांनंतरही पूर्ण शुद्धीवर नाही का, कवटी मोडल्याची काही खूण आहे का, दोन किंवा जास्त उलट्या झाल्या का, वय 65 किंवा त्याहून जास्त आहे का, मार लागण्याच्या आधीचा अर्धा तास किंवा जास्त आठवत नाही का, उंचावरून पडला किंवा गाडीने उडवला का. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा नियम लावायचा नाही, तिथे जास्त सावध राहायचं. आमच्या मुलाच्या बाबतीत यातला पहिला प्रश्नसुद्धा लागू नव्हता. तरी सीटी झाला. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने 2013 मध्ये 'चूझिंग वाइजली' मोहिमेत जी यादी दिली, तिच्यात हाच मुद्दा होता: डोक्याला किरकोळ मार लागलेल्या, कमी धोक्याच्या पेशंटचा सीटी टाळा. हे कुणा कंजूस नातेवाइकाने लिहिलेलं नाही, त्याच खात्याच्या डॉक्टरांनी लिहिलेलं आहे.

"केला सीटी, तर बिघडलं काय?" बिघडतं. डोक्याच्या एका सीटीत साधारण तेवढे किरण शरीरात जातात, जेवढे निसर्गातून आठ-दहा महिन्यांत मिळतात. छातीच्या साध्या एक्स-रेशी तुलना केली तर जवळपास शंभर पट. एका वेळचा धोका लहान आहे, आणि गरज असेल तेव्हा तो पत्करायलाच हवा. पण काहीच कारण नसताना विशीतल्या पोराने तो का पत्करायचा?

रक्ताच्या तपासण्यांचा हिशेब आणखी सरळ आहे, आठवी-नववीच्या मुलांना समजेल असा. रिपोर्टवर 'नॉर्मल'चे जे आकडे छापलेले असतात, ते साधारणपणे निरोगी लोकांपैकी 95 टक्के लोक त्यात बसतील असे ठरवलेले असतात. म्हणजे शंभर ठणठणीत माणसांपैकी पाच जण प्रत्येक तपासणीत 'अ‍ॅबनॉर्मल' निघणारच. आता एकाच ठणठणीत माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या करा. निदान एक तरी आकडा रेषेबाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के होते. आकडा बाहेर गेला की त्याच्यापुढे लाल खूण येते. लाल खुणेमुळे सोनोग्राफी होते, सोनोग्राफीत काही तरी बारीक दिसतं, मग त्याची आणखी एक तपासणी. मुरगळलेल्या पायाने आत गेलेला माणूस यकृताची काळजी घेऊन बाहेर येतो.

तापाचंही तेच. पावसाळ्यात आमच्या गल्लीत निम्म्या घरांना एकदा तरी टायफॉइड 'निघतो'. ताप येऊन दुसरा दिवस, रात्री इमर्जन्सीत रक्त काढलं, विडाल पॉझिटिव्ह, सलाइन आणि इंजेक्शन सुरू. विडाल टायफॉइडचे जंतू दाखवत नाही, ती शरीराने केलेली प्रतिद्रव्यं मोजते. ती वाढायला साधारण आठवडा लागतो, आणि जिथे टायफॉइड नेहमीचाच आहे तिथे पूर्वीच्या संसर्गाची प्रतिद्रव्यंही पॉझिटिव्ह दाखवू शकतात. दुसऱ्या दिवशीच्या एकाच विडालवरून टायफॉइड ठरवणं चुकीचं आहे हे डॉक्टरांना पाठ असतं. तरी ती होते, आणि तिच्या जोरावर अँटिबायोटिक लिहिली जातात.

आता त्या फाइलमधल्या एका ओळीबद्दल बोलू, कारण खाला त्या ओळीमुळेच थरथरत होत्या. एचआयव्ही. इंग्रजीतली ती तीन अक्षरं त्यांना ओळखता आली होती. आपल्या न सांगता झालेल्या तपासणीचा कागद पोराच्या आईच्या हातात होता आणि ती विचारत होती, "उसमें ये क्यूँ लिखा है?" निगेटिव्ह आहे, हे मी तीनदा सांगितलं. मुलाला विचारलं, तर अशी तपासणी होते आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही तपासणी करायला मनाई आहे. पाय मुरगळलेल्या माणसाच्या बाबतीत तर तिचं कारणच नाही. कोऱ्या फॉर्मवर घेतलेली घाईतली सही म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे की काय करणार, कशासाठी, पर्याय काय, धोके काय, हे पेशंटला कळलं पाहिजे, तरच ती संमती.

इथे दोन गोष्टी डॉक्टरांच्या बाजूने म्हणायलाच हव्यात, नाही तर हा लेख अर्धाच खरा ठरेल.

पहिली गोष्ट. काही तपासण्यांना क्षणभरही नाही म्हणू नका. छातीत दुखतंय, दाब येतोय, घाम फुटलाय, तर पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी झाला पाहिजे. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर डोक्याचा सीटी तातडीने हवा, कारण रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या औषधासाठी साडेचार तासांचीच मुदत असते. तिथे "टीचरने लिहिलं होतं" म्हणून वेळ घालवलात तर तो गुन्हा माझ्या माथी येईल. उलट मला हेच सांगायचं आहे की नको त्या सीटीच्या रांगेत पाय मुरगळलेला पोरगा पुढे असतो आणि पक्षाघाताचा म्हातारा मागे ताटकळतो. वाया गेलेली तपासणी कुणाच्या तरी गरजेच्या तपासणीचा वेळ खाते.

दुसरी गोष्ट. डॉक्टर घाबरलेला आहे, आणि त्याला घाबरवणाऱ्यांत आपणही आहोत. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालानंतर डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. ते योग्यच झालं, पण 'काही सुटलं तर कोर्टात उभं राहावं लागेल' ही भीती त्यासोबत आली. कोर्टाहून मोठी भीती काचा फोडणाऱ्या जमावाची. डॉक्टरांवरचे हल्ले थांबवायला महाराष्ट्राला 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. एका पेशंटबरोबर पंधरा माणसं आत घुसतात, आणि रात्रीच्या ड्यूटीवरचा पंचविशीतला डॉक्टर स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्या चौकटींत खूण करतो. शिवाय मागणीही आपलीच असते. "साधी गोळी दिली, रक्तसुद्धा तपासलं नाही, कसला डॉक्टर!" हे वाक्य मी मशिदीबाहेर, किराणा दुकानात, शाळेच्या स्टाफरूममध्येही ऐकलं आहे. हात लावून, विचारपूस करून, "काही नाही, बर्फ लाव, पाय वर ठेव" म्हणणारा डॉक्टर आपल्याला स्वस्त वाटतो, आणि स्वस्त म्हणजे कच्चा.

पण भीतीचं कारण सगळ्याच बिलांना पुरत नाही. भीतीने सीटी होतो, कावीळ ब आणि लिव्हरचं पॅनल भीतीने होत नाही. तिथे पैसा आहे, आणि हे डॉक्टरांनीच सांगितलेलं आहे. पुण्याच्या 'साथी' संस्थेचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या 78 डॉक्टरांशी बोलून त्यांचं म्हणणं मांडलं. 2016 मध्ये ते 'डिसेंटिंग डायग्नोसिस' या इंग्रजी पुस्तकात आलं. पाठवलेल्या तपासण्यांवर मिळणारं कमिशन, महिन्याचं टार्गेट, आणि न तपासताच बेसिनमध्ये ओतून दिलेलं रक्त, हे सगळं त्यात डॉक्टर स्वतः सांगतात. कमिशन घेणं हे मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार गैरवर्तनच आहे. 2017 मध्ये 'कट प्रॅक्टिस'विरोधी कायद्यासाठी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मसुदाही झाला. त्याचा कायदा काही झाला नाही.

सरकारला यातलं काही जमतच नाही असं नाही. कोविडमध्ये जमलं, पण अर्धंच. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने छातीच्या एचआरसीटीचे दर बांधले, मशीनच्या क्षमतेप्रमाणे 2,000, 2,500 आणि 3,000 रुपये. लूट कमी झाली. पण स्कॅन कुणाचा करायचा, हे कोणी बांधलं नाही. मग 2021 च्या उन्हाळ्यात काय झालं ते आठवा. 'स्कोर किती?' हा प्रश्न सलामासारखा विचारला जात होता. ऑक्सिजन उत्तम असलेली माणसं रांगेत उभी होती. मे महिन्यात एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावं लागलं की सौम्य आजारात सीटी करू नका. म्हणजे भाव स्वस्त करणं एक आणि नको ते थांबवणं दुसरं. आजही आपली सगळी आंदोलनं भावाचीच असतात. मी म्हणते, नको असलेली तपासणी फुकटात झाली तरी ती महागच.

"विमा आहे ना," असं कंपनीत कायम असलेली पोरं म्हणतात. पॉलिसी नीट वाचा. नुसत्या तपासण्यांसाठी झालेली भरती विम्यात बसत नाही, तसं कलमच असतं. म्हणून मग दोन तासांच्या कामाला चोवीस तासांची भरती दाखवायची वेळ येते, आणि तुमची सही घेऊन तुमच्या नावावर नसलेला आजार लिहिला जातो. कंत्राटी पोराकडे तर तेही नाही. पगार 21,000 पर्यंत असेल तर त्यातून ईएसआयसीचे 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. पण कार्ड कुठे आहे विचारलं की दहातली आठ पोरं खांदे उडवतात. चाकणचं ग्रामीण रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम, चिंचवडचं ईएसआयसी, हे सगळं आहे. तळेगाव चौकातली ट्रॅफिक ओलांडून पोहोचेपर्यंत धीर संपतो, आणि ज्याची पाटी रात्री सगळ्यांत जास्त चमकते तिथे रिक्षा वळते.

शेवटी आपल्या बिरादरीबद्दल, कारण हा पैसा पुष्कळदा आपलाच असतो. हॉस्पिटलचं बिल आलं की जुम्याच्या नमाजनंतर चादर पसरली जाते. रमजानमध्ये जकातीचा मोठा वाटा इलाजावर जातो. तो जावाच. कर्जात बुडालेला माणूस जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एक आहे. पण तो कर्जदार झाला कशामुळे, हे विचारणंही आपलं काम आहे. जकात ही अमानत आहे. कष्टाच्या कमाईतले अडीच टक्के आपण गरिबासाठी काढायचे आणि ते त्याच्या हातातून सरळ नको त्या मशीनच्या हप्त्यात जायचे, हे इसराफ नाही तर काय? लग्नातल्या उधळपट्टीवर आपले मौलाना तासभर बयान करतात. एखाद्या जुम्याला पाच मिनिटं या उधळपट्टीवरही बोला.

मागण्या अवघड नाहीत. हॉस्पिटलांनी इमर्जन्सीच्या फॉर्मवरचं आधीच खुणा केलेलं पॅनल बंद करावं. डॉक्टरने पेशंटला हात लावेपर्यंत, जिवावरचं लक्षण नसेल तर, रक्त काढू नये. प्रत्येक तपासणीपुढे कारणाची एक ओळ असावी. पायाचे आणि डोक्याचे हे नियम मराठी-हिंदीत छापून भिंतीवर लावावेत, म्हणजे डॉक्टरला नाही म्हणायला आधार मिळेल आणि नातेवाइकाला ऐकायला. मुंबईच्या टाटा मेमोरियलभोवती उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने 2019 मध्ये भारतातल्या कॅन्सर इलाजातल्या दहा नको त्या गोष्टींची यादी केली. कॅन्सरच्या डॉक्टरांना जे जमतं ते चाकणच्या इमर्जन्सीवाल्यांना का जमू नये? सरकारने जानेवारी 2021 च्या शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक खरंच दर्शनी भागात लागलं आहे का, एवढं तरी फिरून पाहावं.

आणि आपण? मोठ्याने न बोलता, दहाऐवजी एकाच माणसाने आत जाऊन, तीन गोष्टी विचारायच्या. ही तपासणी कशासाठी? रिपोर्ट आल्यावर इलाजात काय बदलेल? सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, कारण उत्तर त्याच्याकडे असतं. झालेल्या तपासण्यांचे कागद मागून घ्या. अर्ज केल्यावर 72 तासांत ते देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. जुनी फाइल जपून ठेवा, म्हणजे तीच तपासणी दुसरीकडे पुन्हा होणार नाही. आणि ज्या डॉक्टरने तपासून, समजावून, काही न लिहिता घरी पाठवलं, त्याची फी खुशीने द्या. त्याने आपली अक्कल वापरली, तिचेच ते पैसे.

खालांच्या मुलाचा पाय आठ-दहा दिवसांत बरा झाला, बर्फाने आणि विश्रांतीने. कंत्राटदाराची उचल मात्र अजून दर महिन्याला पगारातून कापली जाते आहे.